अभिप्रायाची वही

दहा रुपयांचं तिकीट फाडताना
पोरगं म्हणालं, आजोबांना निम्मं.
अण्णा म्हणाले, पुरं घे. मी पुरा आलोय.

चिखलीच्या अलीकडं, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडात
कुणा हौशी मास्तरांनी मांडलंय
नदीच्या मासेमारीचं हे संग्रहालय.
दारातच काहील, उपडी.
हिच्यात एकेकाळी रस कढायचा,
आणि पुराच्या दिवसांत हिच्यातच बसवून
अण्णांनी दोन बाळंतिणी आणि एक शेळी
पैलतीराला नेली होती.
पाटीवर एवढंच : 'काहील. लोखंड.'

आत गारवा. फिनेलचा वास.
मला वाटलं होतं माशांचा येईल,
ज्या वासाची लाज वाटून मी कॉलेजात
ओढणीला अत्तर चोपडायचे.

बरण्यांत मरळ, वाम, शिंगाळा.
डोळ्यांवर साय आलेली, अण्णांच्या डाव्या डोळ्यासारखी.
ते प्रत्येकापुढं वाकून थांबत होते,
लग्नात लांबचे पाव्हणे ओळखावेत तसे.
"ह्यो आता गावत न्हाई."
पुढची बरणी.
"ह्यो बी न्हाई."

मधल्या कपाटात परदेशी मासा, प्लास्टरचा,
केशरी पोट, जबडा आकड्यासारखा वळलेला.
सामन. समुद्रातून प्रवाहाच्या उलट पोहत
जिथं जन्मला त्या झऱ्याशी येतो,
अंडी घालतो, मरतो.
मी मोठ्यानं वाचून दाखवलं.
अण्णांनी जरा वेळ घेतला.
"म्हंजे चढणीचाच की.
पाणी तांबडं झालं की आपल्याकडं बी चढायचे,
ओढ्यातनं पार भाताच्या खाचरात.
पर त्यांच्याकडं बंधाऱ्याचं बरगं कोण काढतं?"

हे पाटीवर नव्हतं.

शेवटच्या भिंतीवर, खिळ्यांना ताणलेला, पाग.
'फेकजाळे. अंदाजे शंभर वर्षे जुने. दाता : अज्ञात.'
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट लावलं.
पोरगं ओरडलं, हात नको, आजोबा.
बोट तिथंच राहिलं, एका गाठीवर.
गाठ डावीकडून फिरलेली.
आमच्या आळीत डावखुरा एकच.

मी आढ्याकडं बघितलं. तिथं एक पाल होती.
नदीभर पांढरी पोटं तरंगली त्या वर्षी
अण्णांनी पाग माळ्यावर टाकला.
माळा मी आवरला.
उंदरांनी खाल्ला, असं सांगितलं होतं मी.

"शंभर वर्षं," अण्णा म्हणाले,
"म्हंजे मी एकशेवीसचा असंन."
आणि हसले, खोकला येईस्तोवर.
मला काहीच विचारलं नाही.

निघताना टेबलावर अभिप्रायाची वही.
स्तुत्य उपक्रम. नव्या पिढीला प्रेरणादायी.
स्वच्छतागृह हवे.
अण्णांनी पेन मागून घेतलं,
चौथीपर्यंतच्या अक्षरात, जीभ दाताखाली धरून लिहिलं :
'कडेचे शिशाचे मणी अकरा कमी हायेत.
ह्यो पाग बुडायचा न्हाई.'
खाली सही, पूर्ण नावाची. दौलू बाळकू भोई.

रिक्षात गप्प होते. पूल आला तेव्हा
रिक्षावाल्याला म्हणाले, जरा सावकाश.

अकरा मणी कुठं आहेत, मला ठाऊक आहे.
राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
बैठकीच्या खिडकीला नवा पडदा शिवला तेव्हा
खालच्या काठात एकेक करून टाचले मी,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.

अण्णा त्याच खिडकीशी बसतात.
आज सकाळी बघितलं तर
पडद्याची कड चिमटीत धरून
अंगठा हळूहळू पुढं सरकत होता.
सातपर्यंत आले होते.
मी चहाचा कप घेऊन
आवाज न करता मागं फिरले.